धुरंधरांची रंगचित्रे

* ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ : सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने इंग्रजीत नेलेल्या मराठी कहाण्यांचा संग्रह (मॅकमिलन, लंडन, १९१४). रत्नागिरीकडच्या घरांत श्रावण-भाद्रपदात पाटावर बसून वाचल्या जाणाऱ्या वारांच्या, नागोबाच्या, महालक्ष्मीच्या कहाण्या तिकडे परीकथा म्हणून छापल्या गेल्या.

त्यातली रंगीत चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची. याच प्रकाशकाने १९१२ साली बंगाली लोककथांची चित्रे लंडनच्या वॉरविक गोबल यांच्याकडून करून घेतली होती. इथे मात्र कोल्हापुरात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून तिथेच शिकवणारा चित्रकार लाभला. नऊवारीचा काष्टा कसा बसतो, हे त्याला कुणी सांगायला नको होते.

अशा पुस्तकांसाठी केलेले मूळ जलरंगचित्र आणि त्याचे छापील पान यांत मात्र फरक पडे. तेव्हाच्या तिरंगी छपाईत चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून फोटो घेत आणि पिवळ्या, तांबड्या, निळ्या शाईचे तीन ठसे एकावर एक उमटवत. छापील पानावर भिंग धरले की नुसते ठिपके दिसतात. मूळ चित्रात असते ती कोरड्या कागदावर पसरून वाळताना कडेला दाट झालेली रंगाची रेघ.