चार रुपयांचा गोलंदाज



इंग्लंडात १८८५ साली फुटबॉलच्या संघटनेने पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली आणि गिरणीतला, खाणीतला गडी खेळावर उजळ माथ्याने पोट भरू लागला. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्या पुण्यातही एक कामगार मैदानावर घाम गाळीत होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील पलटणीत शिपाई. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात बाळू महिना चार रुपयांवर लागले. रूळ ओढावा, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे काम. ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला त्यांनी तासन् तास गोलंदाजी केली. पण बॅट काही हाती मिळाली नाही. चेंडू टाकणे ही मजुरी आणि फलंदाजी ही साहेबी, असा तो हिशेब!

पुढे गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. हात हवा होता, माणूस नको होता!

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे नायकपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही भावांनी संघाबाहेर राहून निषेध केल्यानंतर. १९३७ च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ साली ते वारले.

आमच्या परभणी-सेलूकडे जिनिंगमध्ये नुसत्या बोटांनी कापसाचा धागा ओळखणारे हमाल मी पाहिले आहेत. मालक त्यांना विचारतो, भाव ठरवतो आणि मजुरी देतो ती ओझ्याची! म्हणून बाळूंची कथा मला जुनी वाटत नाही. कसबाला टाळी वाजविणे सोपे असते. त्या कसब्याला आपल्या पंक्तीला बसवितो का, त्याच्या हाती कारभार देतो का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गावात द्यावे.