तळटीप : नाकावाटे श्वासनळीत
* लेखकाने एका वाक्यात उरकलेली, नाकावाटे श्वासनळीत नळी घालण्याची ही कृती भूलशास्त्रातल्या अवघड कौशल्यांपैकी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलात शल्यविशारद हॅरल्ड गिलीज जखमी सैनिकांचे चेहरे नव्याने घडवत होते. भुलीचा मुखवटा टेकवायला तिथे अनेकदा चेहराच शाबूत नसे. त्यातून भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉटम यांनी नाकातून श्वासनळीत रबरी नळी सरकवण्याची पद्धत विकसित केली. रुग्णाचा श्वास चालू ठेवायचा, नळीच्या बाहेरच्या टोकाशी कान लावायचा. आवाज वाढत गेला तर वाट बरोबर, एकदम थांबला तर नळी बहुधा अन्ननलिकेत. डोळ्यांना काहीही दिसत नसताना! १९६७ साली भूलतज्ज्ञ पीटर मर्फी यांनी लवचीक दुर्बिणीवरून नाकातून नळी घातली, तेव्हा ही वाट दिसू लागली.

आपल्याकडे तोंडावाटे नळी न जाण्याचा पेच गुटखा-सुपारीने आणला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी असूनही असे रुग्ण येतच राहतात : तोंडाच्या अस्तराखाली तंतू साठून जेमतेम एखादे बोट जाईल एवढेच तोंड उघडते. त्यांना आधी गाढ झोपवणे धोक्याचे. श्वास थांबला आणि नळी गेली नाही, तर जीव जाऊ शकतो. म्हणून नाकात रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब घालून, नाक-घसा लिग्नोकेनने बधिर करून, जागेपणीच दुर्बीण घालतात. घाईत रक्त आले तर भिंग झाकले जाते आणि पुढचा प्रयत्न आणखी कठीण होतो. गळ्यातून थेट श्वासमार्ग उघडण्याची तयारी त्याआधीच हवी. — संपा.