पाळीवरची वाट

आमच्या वरठीच्या स्टेशनावर पाटी भंडारा रोडची आहे, आणि गाव मोहाडी तालुक्यातलं. पहाटे फिरायला निघालेली माणसं इथे ट्रकांच्या बाजूनं, डांबराच्या कडेकडेनं चालतात. म्हणून फिरायला ट्रॅक हवा अशी मागणी निघते आणि भूमी अभिलेखात साखळी ओढून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला विचारणा होते, "साहेब, जागा कुठली दाखवायची?" मी तलावाची पाळ दाखवतो. भंडाऱ्यात मोकळ्या रानातून चालायची सर्वांत जुनी बांधीव वाट तीच आहे, आणि तिच्या खर्चाची सोय तेव्हाच्या लोकांनी आपल्यापेक्षा चांगली लावली होती.

चांद्याच्या गोंड राजांनी काशीकडून कोहळी आणवले, अशी त्या समाजाची आठवण आहे. त्यांपैकी हीरशहा राजानं हुकूम काढला असं सांगतात: जो तलाव बांधेल, त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. खजिन्यातून रोकड द्यावी लागली नाही. बांधणाऱ्याचं पोट त्याच पाण्यावर अवलंबून राहिलं, त्यामुळे पाळ फुटली तर पहिलं नुकसान त्याचंच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या नवेगावबांधाचं क्षेत्र इंग्रजी गॅझेटियरनं पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल नोंदवला आहे. लेव्हलचं यंत्र हाताशी नसताना त्यांनी पाण्याची पातळी साधली. मी आयुष्यभर यंत्र लावून मोजण्या केल्या, म्हणून या कामापुढे माझी मान आपोआप खाली जाते.

पाळ मोजताना टेप तीन ठिकाणी धरावा लागतो: माथ्यावर, पाण्याकडच्या उतारावर आणि वावराकडच्या पायथ्याशी. माथ्यावरून माणसं, गुरं जातात. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायला जाणाराही तिथूनच जातो. घाव मात्र पायथ्याला बसतो. दर नांगरणीला वीतभर माती धुऱ्याकडे सरकते, उतार उभा होतो, पावसाळ्यात माथ्याची कड ढासळते आणि गाडीवाटेची पायवाट होते. एका मोजणीत मी पायथ्याला खुंटी ठोकली, तेव्हा ती धानाच्या बांधीत चांगली आत गेली. मालक फावडं घेऊन उभा होता. त्यानं नकाशा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "बाप्पा, हे तर आमच्या आज्याच्या वेळेपासून असंच आहे."

गावचा सारा भरणारे मालगुजार होते तोवर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे गावाला ठाऊक होतं. त्यांची वेठबिगारी होती आणि तिचं मी कौतुक करणार नाही. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली हे योग्यच झालं. पण पूर्व विदर्भातले साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, आमच्या तोंडी मामा तलाव, सरकारकडे आले. पुढे शंभर हेक्टरांच्या आत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. उन्हाळ्यात चार टोपली माती टाकण्याचं काम मग कोणाच्याच अंगावर उरलं नाही. पाळीवर बेशरम माजली आणि सलंग, म्हणजे सांडवा, गाळानं दबला.

आता ट्रॅकला पैसे मागायला जिल्हा नियोजन समितीकडे जातात. त्यातून बांधकाम होतं, पण पुढच्या वर्षीच्या डागडुजीचा रकाना बहुधा कोराच राहतो. मुंबईत मलबार हिलचा 485 मीटरचा निसर्ग उन्नत मार्ग मार्च 2025 मध्ये खुला झाला. त्याला महापालिकेची तिजोरी आहे आणि 25 रुपयांचं तिकीट आहे. गावच्या पाळीवर तिकीट लावता येत नाही, लावूही नये. इथे रोजगार हमीचीच वाट धरावी लागते. ही योजना महाराष्ट्रानं 1972 च्या दुष्काळात उभी केली. 2005 च्या केंद्रीय कायद्यानं मजुरी आणि साहित्याचं 60:40 असं प्रमाण घातलं. सिमेंटचे ब्लॉक त्यात बसवताना ओढाताण होते. माती, मुरूम, दबाई आणि गवत सहज बसतं. पाळीलाही तेच मानवतं. माथ्यावर मोठी झाडंही नकोत. मेलेलं मूळ कुजलं की त्याच पोकळीतून पाझर सुरू होतो.

माझा आग्रह मात्र अंदाजपत्रकाच्या आधीच्या कागदासाठी आहे. विदर्भासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रकाची वेगळी कलमं आहेत. सरकारी पडीक जमिनीवरचे गावाचे हक्क निस्तारपत्रकात लिहिले जातात. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याची वहिवाट वाजिब-उल-अर्जात, कलम 165 खाली. पाळीकडे जाणारी पांदण या कागदांत नसेल तर पाळ कितीही सजवा, कोणीतरी काट्या टाकून तोंड बंद करतो आणि मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसिलीत दावा लावत बसावं लागतं. निस्तारपत्रकातली नोंद बदलून मिळते. कलम 161 प्रमाणे ग्रामपंचायतीनं मागणी केली की जिल्हाधिकारी चौकशी करून दुरुस्ती करू शकतात. ठरावात तीन गोष्टी घालाव्यात: पाळीच्या पायथ्याची मोजणी, पांदणीची रुंदी, आणि दर वैशाखात माती टाकण्याचं काम कोणत्या निधीतून होईल ते.