कामावरच्या पाणी-सावलीची कुळकथा

भातकापणी सरली की माळशेजच्या वाटेवरच्या वैशाखरे गावात आणि आसपासच्या पाड्यांवर कामाचा शोध सुरू होतो. काही कुटुंबे बिऱ्हाड उचलून कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या गाठतात, काही रोजगार हमीच्या मातीकामाची वाट पाहतात. हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, मुलांना सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी लागते. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. कामगारांनी मागून आणि झगडून मिळवलेला हा हक्क आहे.

त्याचे मूळ मुंबईच्या गिरणगावात सापडते. १८४८ साली ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात मागण्या होत्या : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि जायबंदी झालेल्याच्या उदरनिर्वाहाची सोय. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. थकलेल्या शरीराला विसावा हवा, ही गोष्ट कामाच्या अटींत आली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने शरीराच्या अशा गरजा तपशिलात मांडल्या. पिण्याच्या पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत पाटी हवी, ती जागा संडास-मुताऱ्यांपासून दूर हवी, दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी, स्त्रियांसाठी वेगळी, आडोशाची स्वच्छतागृहे हवीत. कामगाराच्या भाषेतली ती पाटी म्हणजे कामाच्या ठिकाणचे आरोग्यशिक्षणच. पण हा कायदा कारखान्याच्या भिंतीआड राहिला. उघड्या माळावर कुदळ चालवणाऱ्यापर्यंत तो पोहोचला नाही.

ती वाट दुष्काळाने उघडली. वि. स. पागे यांनी मांडलेली हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रुजली. हमीच्या त्या कामांवर बायकांची संख्या मोठी होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी सुरक्षित पाणी, सावली, विश्रांती आणि पेटी बंधनकारक केली. सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईलाही मजुरी ठरवली.

या यादीत स्वच्छतागृह मात्र नव्हते. उन्हात माती खणताना घामावाटे शरीरातले पाणी झपाट्याने जाते, म्हणून तहान लागण्याआधीच थोडे थोडे पाणी पीत राहावे लागते. पण आडोसा नसेल तर बायका पाणी पिणेच टाळतात. मग उन्हाळी लागते, चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो. नुसता माठ भरून ठेवल्याने आरोग्य राखले जात नाही, हे इथे उघड होते.

म्हणून पाणी का प्यावे हे सांगण्याइतकेच, काय मागावे हेही मजुरांना सांगितले पाहिजे. मस्टरवर नावे लिहितानाच कामावरच्या सोयींची यादी मोठ्याने वाचली जावी आणि चार बांबूंना ताडपत्री बांधून बायकांसाठी आडोसा केल्याशिवाय कुदळ चालू नये. लोखंड्यांच्या अर्जात अर्ध्या तासाचा विसावा होता, आजच्या अर्जात हा आडोसा असला पाहिजे.