दवाखान्याचा नंबर मोबाइलवरून : स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी

मुकुंदवाडीतल्या एका आजींचं आभा कार्ड काढायला बसले होते. आधारचा ओटीपी गेला पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर. मुलगा कंपनीत शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. अख्खी दुपार गेली. ज्यांच्या हातात स्वतःचा नंबर नाही, त्यांच्यापर्यंत ऑनलाइन सोय दुसऱ्या कुणाच्या तरी हातूनच पोहोचते. वस्तीत तो 'दुसरा कुणी' बहुतेक वेळा आपणच असतो. म्हणून कार्यकर्त्यांना माहीत असाव्यात अशा गोष्टी इथे एकत्र देत आहे.

कोणती सोय कशासाठी?

*आभा क्रमांक :* १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं, त्याचा हा भाग. आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरून मोफत निघतो. तो ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कुणाचा उपचार अडायला नको.

*स्कॅन अँड शेअर :* ज्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो, तिथे आभा अ‍ॅपमधून तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट नोंदणीकडे जातो आणि मोबाइलवर टोकन येतं. मोठ्या रांगेचा वेळ वाचतो.

*ई-संजीवनी :* घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी व्हिडिओवरून बोलायची मोफत सोय. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये ही ओपीडी सुरू झाली.

*आयुष्मान कार्ड ('गोल्डन कार्ड') :* आभा म्हणजे हे कार्ड नव्हे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आभामुळे फक्त नोंदी एकत्र राहतात, खर्च भागत नाही. भरती होऊन उपचार घ्यायचे असतील तर आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहावी लागते. त्यासाठी योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याला गाठा.

आणखी एक. आपली घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तर चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत उपचारांचा जो निर्णय लागू झाला, तो आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी आहे. साध्या आजाराला आधी जवळचं आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय पाहावं.

ई-संजीवनीवर नंबर कसा लावायचा?

१. अ‍ॅप किंवा संकेतस्थळ उघडून मोबाइल नंबर आणि ओटीपी टाका.
२. रुग्णाची माहिती भरा. नाव-वय रुग्णाचंच टाका, स्वतःचं नको.
३. त्रास काय, किती दिवसांपासून, हे लिहा. जुने रिपोर्ट आणि चिठ्ठ्यांचे फोटो जोडा.
४. टोकन मिळालं की रांगेत थांबा. नंबर आला की व्हिडिओ सुरू होतो.
५. शेवटी मिळणारी ई-चिठ्ठी डाउनलोड करून ठेवा.

चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि कशाची अ‍ॅलर्जी असल्यास ती माहिती जवळ ठेवा. छातीत दुखणं, धाप लागणं, फिट, जास्त रक्तस्राव, विषबाधा असेल तर मोबाइलवर नंबर लावत बसू नका. १०८ ला फोन करा. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस, क्रमांक १४४१६.

दुसऱ्याच्या वतीने बोलताना

केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमध्ये याचे नियम आहेत. रुग्ण १६ वर्षांपर्यंतचा असेल, किंवा स्मृतिभ्रंश वा अपंगत्वामुळे स्वतः बोलू शकत नसेल, तर काळजी घेणारी व्यक्ती त्याच्या वतीने बोलू शकते. इतर वेळी रुग्णाची संमती किंवा तसा अधिकार असल्याचा कागद लागतो. डॉक्टरांना प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटली तर ते तसं सांगतात, तेव्हा हट्ट करू नका. काही औषधं, उदाहरणार्थ नशा आणणारी, व्हिडिओवरून लिहून देताच येत नाहीत.

कायद्यापलीकडचाही एक मुद्दा आहे. सुनेच्या, बहिणीच्या किंवा कॉलेजातल्या मुलीच्या नोंदी घरातल्या एकाच पुरुषाच्या मोबाइलवर असतील, तर पाळी, गर्भपात, टीबी, मानसिक त्रास या गोष्टी ती डॉक्टरांना सांगणारच नाही. म्हणून प्रौढ बाईचा आभा शक्यतो तिच्याच नंबरवर काढा. लॉगिन करून दिल्यावर फोन तिच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. आभामधल्या नोंदी कुणाला दाखवायच्या याची संमती तिनेच द्यायची असते, आणि ती परतही घेता येते.

विहारात एवढं करता येईल

रविवारच्या वंदनेनंतर तासभर दोघांनी टेबल मांडून बसावं, त्यात एक मुलगी असावी. आधी आधारला जोडलेला नंबर चालू आहे का, ते पाहावं. बंद असेल तर आधार केंद्रावर तो बदलून घ्यायला सोबत जावं. आभा क्रमांक कागदावर लिहून ज्याचा त्याला द्यावा. कुणाच्या आधारचा फोटो, ओटीपी किंवा रिपोर्ट आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नये. या कामाचे पैसे कुणी घेऊ नयेत.

त्या आजींना नंतर आधार केंद्रावर घेऊन गेलो. आता ओटीपी त्यांच्याच साध्या फोनवर येतो. वाचून नात देते, पण विचारते आजींनाच, "सांगू का डॉक्टरला?"