दुपारच्या मालिका, टीआरपी आणि आमचं कोरपना

‘टीआरपी’ हा शब्द हल्ली आमच्या कोरपन्यातही कुणाच्याही तोंडी असतो. लग्नातली करवली असो की निवडणुकीतला उमेदवार, जरा जास्त मिरवलं की लोक म्हणतात, “टीआरपी वाढवून राहिला!” गंमत अशी की ज्या काळात या टीआरपीने मराठी मालिकांचं नशीब ठरवलं, त्या काळात आमच्या गावातलं एकही घर त्या मोजणीत नव्हतं. आणि तरीही गावातल्या बायका मालिका बघत होत्या. रोज, नेमाने, लाईन असेल तर.

बरेच दिवस यावर लिहायचं डोक्यात होतं. आपल्याकडे मालिकांचा विषय निघाला की दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक नाकं मुरडणारी, दुसरी डोळे पुसणारी. मालिका आल्या कुठून, त्यांचे पैसे कोण देतं आणि त्या चालल्या की पडल्या हे कसं ठरतं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून ही जरा लांबलेली नोंद. चहा घेऊन बसा.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल, कारण ‘सोप ऑपेरा’ हे नाव तिकडचं. १९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची श्रुतिका सुरू झाली. लिहिणारी बाई इर्ना फिलिप्स, आधी शिक्षिका होती. दुपारी घरी असलेल्या बायकांसाठी रोज थोडी थोडी गोष्ट, अशी ही कल्पना. दुपारच्या त्या बायकांपर्यंत पोचायची घाई साबणवाल्यांना होती. प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपन्या अशा मालिकांना नुसत्या जाहिराती देऊन थांबल्या नाहीत, त्यांनी स्वतःच मालिका काढल्या. म्हणून हे ‘साबणाचं संगीत नाटक’! याच बाईंची ‘गायडिंग लाइट’ १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर गेली आणि २००९ च्या सप्टेंबरमध्ये संपली. बहात्तर वर्षं एकच गोष्ट! आपल्याकडे तेवढ्यात तीन पिढ्यांची लग्नं होतात.

तिथल्या दुपारच्या मालिकांचा सुवर्णकाळही मोठा होता. १९८१ च्या नोव्हेंबरात ‘जनरल हॉस्पिटल’मधलं ल्यूक आणि लॉरा यांचं लग्न भर दुपारी सुमारे तीन कोटी लोकांनी बघितलं. पुढे बायका नोकरीला बाहेर पडल्या, चॅनेलं वाढली, दुपारची घरं रिकामी झाली आणि आकडे घसरले. जुन्या मालिका एकामागून एक बंद पडल्या. तिकडे दुपार आली ती साबणामुळे आणि गेली ती आकड्यांमुळे.

आपल्याकडची गोष्ट निराळी. इथे पहिली मालिका साबणवाल्याने नव्हे, सरकारने आणली. १९८२ साली रंगीत टीव्ही आला, आणि त्यासाठी आग्रह धरणारे माहिती-प्रसारण मंत्री होते वसंत साठे, आपल्या शेजारच्या वर्ध्याचे खासदार. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाचे गृहस्थ मालिकांमधून साक्षरतेचा आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार करत होते. त्यावरून आपल्याकडे ‘हम लोग’ निघाली. ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, १९८५ च्या डिसेंबरात संपली. लेखन मनोहर श्याम जोशींचं, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दोन शब्द सांगायला अशोककुमार. पहिल्या तेरा-एक भागांत उपदेश फार झाला, लोक कंटाळले. मग जोशींनी कुटुंबनियोजन जरा मागे सारलं, माणसांची सुखदुःखं पुढे आणली आणि मालिकेने देश धरून ठेवला. प्रायोजक होता मॅगी. नूडल्स तेव्हा बाजारात नवीनच होत्या, मालिकेबरोबर त्याही घराघरात शिरल्या.

या ‘हम लोग’बद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पत्रं. दूरदर्शनला आणि कलाकारांना प्रेक्षकांची लाखांनी पत्रं आली. बडकीचं लग्न लावा, बसेसर रामची दारू सोडवा, असे सल्ले! म्हणजे मालिका लोकांपर्यंत पोचते की नाही हे कळायचा मार्ग तेव्हा पोस्टाची पेटी होता. आणि पोस्टाची पेटी कोरपन्यातही होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दूरदर्शनचं दुपारचं प्रसारण १९८९ च्या २६ जानेवारीला सुरू झालं, आणि १९९४ साली त्याच दुपारी ‘शांती’ आली. मंदिरा बेदी पत्रकार, दोन बड्या सिनेमावाल्यांच्या बंगल्यात शिरून त्यांचा भूतकाळ उकरणारी. आपल्याकडची पहिली रोजची मालिका म्हणून तिचंच नाव घेतात. पाठोपाठ १९९५ साली महेश भट्ट यांची ‘स्वाभिमान’ आली, लिहिणाऱ्यांत शोभा डे. आणि मग १९९७ साली आपली ‘दामिनी’. मराठीतली पहिली रोजची मालिका. प्रतीक्षा लोणकर दामिनी. हीसुद्धा पत्रकार! (शांतीही पत्रकार, दामिनीही पत्रकार. त्या काळी घराबाहेर पडून कुणालाही प्रश्न विचारता येईल असा बाईसाठी तो एकच धंदा लेखकांना सुचत असावा.) दीड हजाराच्या घरात भाग झाले.

‘दामिनी’ आमच्याकडे पोचली याचं कारण साधं आहे. ती दूरदर्शनवर होती. केबल नको, छत्री नको. बांबूला बांधलेली अँटेना पुरे. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या, मग एक पोरगं वर, एक दारात, एक टीव्हीजवळ. “दिसून राहिलं का?” “नाही!” “आता?” “हाव, हाव, ठेव तसंच!” आमच्या मोठीआईकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता. चहाच्या वेळेला तिच्या ओसरीत सात-आठ बायका तरी असायच्याच. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत संख्या कमी, एरवी भरगच्च.

आता पडद्यामागचं अर्थकारण थोडक्यात सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. दूरदर्शनच्या प्रायोजित पद्धतीत निर्माता दूरदर्शनला प्रक्षेपण शुल्क भरायचा आणि त्या बदल्यात त्याला काही सेकंदांचा जाहिरातीचा वेळ मिळायचा. तो वेळ विकून त्याने खर्च काढायचा. म्हणजे जोखीम निर्मात्याची. रोजची मालिका म्हणजे रोज एक भाग संपणार. त्यामुळे एकाच सेटवर, एकाच दिवाणखान्यात जास्तीत जास्त प्रसंग उरकायचे, पुढचे काही भाग हातात तयार ठेवायचे. याला ते लोक ‘बँक’ म्हणतात. एखादा कलाकार आजारी पडला की पात्र परदेशी जातं किंवा कोमात जातं, त्यामागे बहुतेक वेळा ही बँक असते! २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा हे सगळ्यांनीच बघितलं. थोड्याच दिवसांत बँका संपल्या आणि चॅनेलांवर जुन्या मालिका फिरू लागल्या.

खाजगी वाहिन्या आल्या आणि गणित उलटं झालं. १९९९ साली अल्फा मराठी (पुढे झी मराठी), तिच्यावर ‘आभाळमाया’. २००० साली ईटीव्ही मराठी. ही तर हैदराबादच्या रामोजी रावांची. आमचा भाग एकेकाळी निजामाच्या राज्यातला, पलीकडे आदिलाबाद, तेव्हा हैदराबादहून मराठी वाहिनी निघाली याचं आमच्याकडे कुणाला फार नवल वाटलं नाही. तिच्यावरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग! या पद्धतीत निर्मात्याला वाहिनी दर भागामागे पैसे देते आणि जाहिराती स्वतः विकते. मग जाहिरातदाराला दाखवायला आकडा लागतो. त्याचं नाव टीआरपी.

आकडा बघून वाहिन्यांनी खर्चिक मालिका रात्री नेल्या. रात्री सगळं घर टीव्हीसमोर, जाहिरातीचा दर जास्त. दुपारी काय, तर काल रात्रीचाच भाग परत. फुकटात वेळ भरतो. अशी आपल्याकडची दुपारची मालिका जवळपास संपली. अमेरिकेत दुपारच्या बायका कमी झाल्या म्हणून ती संपली. आपल्याकडे बायका होत्या तिथेच होत्या, त्यांच्यासाठी वेगळा खर्च करावा असं कुणाला वाटलं नाही इतकंच.

आणि आकडा कुणाचा? तर काही निवडक घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं, पीपल मीटर. घरातल्या प्रत्येकाला एक बटण. बघायला बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. त्यावरून अख्ख्या राज्याचा अंदाज. नमुना घेऊन अंदाज बांधणं यात चूक काहीच नाही, भाताचं शीत आपणही चेपून बघतोच. पण शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं. ‘टॅम’ कंपनीचे मीटर होते देशभरात आठेक हजार, आणि तेही शहरांत. आधी लाखाच्या वर वस्तीच्या शहरांत, नंतर काही राज्यांत छोट्या शहरांतही. खेड्यात नाहीत. २००१ साली तर मुंबईतल्या मीटर असलेल्या घरांची गुप्त यादीच फुटली होती. ती घरं कोण, हे कळलं की काय काय करता येतं ते सांगायला नको.

त्या वर्षांत आमच्याकडे काय चाललं होतं? भारनियमन. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र तेव्हा सात संचांचं, २३४० मेगावॅटचं. कोळसा आमच्याच जिल्ह्यातला, धूर आमच्याच आभाळात. पण राज्यातच विजेचा तुटवडा, तेव्हा खेड्यांत तासन् तास लाईन नाही. २००५ नंतरची काही वर्षं फारच वाईट. मोठीआईचा ठरलेला प्रश्न, “लाईन आली का गा?” आली नसेल तर तो भाग गेला. पण गोष्ट जात नव्हती. गावात कुणाच्या तरी घरी, नाहीतर सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्या कुणाच्या तरी बहिणीकडे लाईन असायचीच. दुसऱ्या दिवशी ती बाई येऊन भाग सांगायची. बावीस मिनिटांचा भाग सांगायला पाऊण तास! मध्ये स्वतःची मतं, सासूला दोन शिव्या, आणि पुढे काय होणार याचं भाकीत. माझ्या मते मालिकेचा सगळ्यात जिवंत प्रेक्षक हाच. याला मीटर कुठे जोडणार?

इथे मला खरं बोलायचंय ते असं. मोजलं न जाण्याचं दुःख मानापमानाचं नाही. ज्याला मोजतात त्याच्यासारखी गोष्ट लिहितात. मीटर शहरात, म्हणून मालिकेतलं घर शहरातलं. मोठा जिना, दागिने घालून झोपणारी सून, कंपनीचे कागद आणि सह्या. बोंडअळी नाही, सावकार नाही, वेचणीला जाणारी बाई नाही. २००६ च्या आसपास विदर्भातल्या कापूसवाल्यांच्या आत्महत्यांनी वर्तमानपत्रं भरलेली असताना आमच्या ओसरीतल्या बायका शेकडो कोटींच्या इस्टेटीचं भांडण बघत होत्या. त्यांना ते आवडायचं, नाही कशाला म्हणू? मोठीआईला विचारलं होतं एकदा, आपल्यासारखं काहीच नसतं यात, मग काऊन बघते? म्हणाली, “आपलं तं दिवसभर पायतोच ना बाप्पा.” बरोबर आहे तिचं. पण आपल्यासारखं बघायचं की नाही हे ठरवायची संधी तिला कुणी दिलीच नव्हती.

पत्रांच्या काळात कोरपन्यातली बाई पंधरा पैशांच्या कार्डावर मत कळवू शकत होती. यंत्र आल्यावर तीही वाट बंद झाली. मोजणी शास्त्रीय होत गेली आणि मोजली जाणारी माणसं कमी होत गेली.

पुढे बदल झाला. २०१५ साली ‘बार्क’ आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरंही मोजणीत धरली गेली. तेव्हाचे आकडे बघून भल्याभल्यांची झोप उडाली. दूरदर्शनच्या फुकट छत्रीवर दिसणाऱ्या, जुन्या मालिका परत दाखवणाऱ्या झी अनमोलसारख्या वाहिन्या बड्या वाहिन्यांच्या पुढे! खेड्यातला प्रेक्षक रातोरात उगवला नव्हता, तो होताच. त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. अलीकडे मराठी वाहिन्यांनी दुपारीही नव्या मालिका सुरू केल्या. २०२२ साली स्टार प्रवाहने ‘लग्नाची बेडी’ दुपारी आणली. म्हणजे दुपारची बाई पुन्हा हिशेबात आली म्हणायची.

मोठीआईला यातलं काही बघता आलं नाही, ती त्याआधीच गेली. हजारभर भाग तिने बघितले असतील, तेवढेच ऐकले असतील, आणि कुठल्याही आकड्यात ती नाही. तुमच्याही घरात अशा बायका असणारच. त्यांना एकदा विचारा, ‘दामिनी’ आठवते का, लाईन गेली की गोष्ट कोण सांगायचं. आणि ऐकताना मध्ये बोलू नका, पाऊण तास लागतो!