शिनिगामी आइज

शिनिगामी आइज हे ब्राउझरमध्ये बसवायचे एक्स्टेन्शन आहे. समाजमाध्यमांवरील पारलिंगीद्वेष्टी खाती व पाने ते तांबड्या रंगात, तर पारलिंगीस्नेही खाती व पाने हिरव्या रंगात दाखवते. हे नाव 'डेथ नोट' या जपानी मांगा मालिकेवरून आले आहे. तीत शिनिगामी, म्हणजे मृत्युदेवांच्या डोळ्यांना माणसाचे नाव व आयुर्मर्यादा दिसते.

कार्यपद्धती

पारलिंगी व्यक्तींना छळ करणाऱ्या खात्यांपासून सावध राहता यावे, हा या साधनाचा उद्देश आहे. खात्यांची नोंद वापरकर्ते सुचवतात. यादी 'ब्लूम फिल्टर' या रचनेत साठवली जाते. या रचनेत नोंदलेले नाव सुटत नाही. मात्र न नोंदलेले नाव क्वचित नोंदलेले भासू शकते.

आक्षेप

दोनच रंग असल्यामुळे छळ, अज्ञान, मतभेद व कालांतराने बदललेले मत यांतील भेद पुसला जातो. रंगासोबत कारण किंवा पुरावा दिसत नाही. ओळख जाहीर न केलेली पारलिंगी व्यक्ती हिरव्या रंगामुळे इतरांच्या नजरेत येण्याचाही धोका असतो. नॉर्वेच्या विदा संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये बंदीचा इरादा कळवला आणि २०२२ मध्ये बंदी घातली.

भारतीय कायदा

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव करण्यास २०१९ च्या अधिनियमाने मनाई आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार गुन्हा आहे.